मोटारीच्या ठिणगीचा इतिहास

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाची स्थापना, देवळाची बांधणी, शाळेची वाढ व पूर्वींच्या धर्मगुरूंची चरित्रें हे विषय यावयाचेच, व ते या अंकांत आपापल्या ठिकाणीं आलेही आहेत. त्यांच्या पंक्तीस मोटारगाडीच्या ठिणगीचा इतिहास बसवावा, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु इंदापूर व बारामती या तालुक्यांतील आमचीं कुटुंबें एका गांवीं नाहींत. वाड्यावस्त्यांवर, उसाच्या मळ्यांत व कारखान्यांच्या चाळींत तीं विखुरलेलीं आहेत. आजाऱ्याच्या उशाशीं वेळेवर पोंचावयाचें, तर धर्मगुरूची श्रद्धा जितकी शाबूत असावी लागते, तितकीच त्याची गाडीही चालू असावी लागते. आणि जुनी गाडी चालू असणें हें सर्वस्वीं एका लहानशा ठिणगीवर अवलंबून असे. त्या ठिणगीची हकिगत सांगावी, असें आम्हीं योजिलें आहे. तिच्या निमित्तानें आमच्या हातून घडलेली एक चूक पदरांत घ्यावयाची आहे, हेंही या लेखाचें एक कारण आहे.

सन १९९९ च्या मे महिन्यांतील गोष्ट. आमची गुरुदीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते व एक जुनी मोटारगाडी आमच्या स्वाधीन करण्यांत आली होती. ती चालविणारे गृहस्थ वयानें आम्हांहून बरेच वडील, मितभाषी व वक्तशीर होते. ही गाडी सकाळीं उत्तम चाले. परंतु पुणें-सोलापूर रस्त्यावर भिगवण मागें पडून ऊन तापलें, कीं ती एकाएकीं बंद पडे. मग बॉनेट उघडावें, पेट्रोलच्या पंपावर ओला फडका टाकावा, अर्धा तास बाभळीच्या सावलींत बसावें, आणि पुन्हां चावी फिरवितांच जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी गाडी सुरू व्हावी. यावरून दोष पेट्रोलचाच, असें आमच्या मनानें घेतलें. कडक उन्हांत नळींतच पेट्रोलची वाफ होते व पंपाला ती पुढें ढकलतां येत नाहीं, हें खरेंही आहे. आणि ओला फडका हा त्यावरचा जुना उपाय आहे. परंतु नवी नळी झाली, नवा पंप झाला, तरी गाडीचें दुखणें जाईना.

तेव्हां आमच्या मनांत एक वाईट शंका शिरली. पेट्रोलमध्यें रॉकेल मिसळल्याच्या तक्रारी त्या काळीं सर्वत्र ऐकूं येत. आमचे चालक कोठें तरी भेसळीचें स्वस्त पेट्रोल भरून मधले पैसे ठेवीत असावे, असें आम्हांस वाटूं लागलें. प्रथम आम्ही पावत्या मागूं लागलों. पुढें एके दिवशीं लोणी देवकरजवळ गाडी पुन्हां थांबली. भर दुपार होती. रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीवर चार माणसें बसलीं होतीं. आणि त्यांच्या देखत आम्ही बोलूं नये तें बोलून गेलों. ते गृहस्थ एवढेंच म्हणाले, “फादर, पेट्रोल मी भरतों खरा, पण देवाला भिऊन भरतों.”

त्या दिवसाचा शेवट कसा झाला, तें पुढें येईलच. तत्पूर्वीं ही ठिणगी मोटारींत आली कशी, तें पाहिलें पाहिजे. कारण तिच्या इतिहासांतच आमच्या गाडीच्या दुखण्याचें निदान होतें.

पेट्रोलच्या एंजिनांत हवा व पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण नळकांड्यांत कोंडून पेटवितात, व त्या जोरानें दट्ट्या खालीं ढकलला जातो. हें पेटविणें नेमक्या क्षणीं व्हावें लागतें. फार आधीं झालें, तर दट्ट्या उलट रेटला जातो. उशिरा झालें, तर जोर वायां जातो. चार नळकांड्यांचें एंजिन मिनिटास तीन हजार फेरे करीत असलें, म्हणजे त्याला दर सेकंदास शंभर ठिणग्या लागतात, आणि त्यांपैकीं प्रत्येक ठिकच्या ठिक वेळीं लागते. बॅटरीचा दाब मात्र अवघा सहा किंवा बारा व्होल्ट. एवढ्या दाबानें दोन टोंकांमधील हवेंतून ठिणगी उडत नाहीं. तिला हजारों व्होल्टांचा दाब लागतो. तेव्हां बारा व्होल्टांचे हजारों व्होल्ट करावयाचे कसे, हा मूळ प्रश्न होय.

या प्रश्नाचें उत्तर मोटार जन्मास येण्याच्या पन्नास वर्षें अगोदर एका कॅथोलिक धर्मगुरूनें शोधून ठेविलें होतें, ही गोष्ट आमच्या लोकांत फारशी ठाऊक नाहीं. फादर निकोलस कॅलन यांचा जन्म १७९९ सालीं आयर्लंडांतील लाउथ परगण्यांत झाला. १८२३ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. रोम येथें पुढील अभ्यास करून ते परतले व १८२६ पासून मेनूथ येथील सेमिनरींत पदार्थविज्ञान शिकवूं लागले. १८३६ सालीं त्यांनीं लोखंडी कांबीवर दोन तारा गुंडाळल्या. एक जाड व आंखूड, दुसरी बारीक व पुष्कळ लांब. जाड तारेंतून बॅटरीचा प्रवाह सोडून तो एकदम तोडला, कीं बारीक तारेच्या टोंकांशीं मोठ्या दाबाची वीज प्रगट होई. प्रवाह वारंवार तोडण्यासाठीं त्यांनीं एक साधनही बनविलें. येथें एक मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा: ठिणगीची वीज प्रवाह सुरळीत वाहत असतांना उत्पन्न होत नाहीं, तो तुटतो त्या क्षणीं होते, आणि जितका चटकन व स्वच्छ तुटेल, तितकी ठिणगी जोरदार. पुढें हा मुद्दा आपल्या उपयोगी पडणार आहे.

एवढा मोठा दाब मोजण्याचें साधन तेव्हां नसल्यामुळें फादर कॅलन विजेचा धक्का सेमिनरीच्या विद्यार्थ्यांस देऊन तिचा जोर अजमावीत. सेमिनरींतील परीक्षा कडक असतात अशी तक्रार आम्हीही विद्यार्थिदशेंत करीत असूं. परंतु मेनूथच्या त्या विद्यार्थ्यांपुढें आमची तक्रार फिकी ठरते. याच काळांत अमेरिकेंत चार्ल्स पेज हेही स्वतंत्रपणें त्याच दिशेनें प्रयोग करीत होते, हें येथें नमूद करणें न्यायाचें होईल. फादर कॅलन यांनीं आपल्या शोधावर पैसा मिळविला नाहीं. शिकविणें, प्रयोग करणें व सेंट अल्फोन्सस लिगोरी यांच्या ग्रंथांचें इंग्रजी भाषांतर करणें यांतच त्यांचें आयुष्य गेलें. पॅरिसमधील यंत्रकार रुमकोर्फ यांनीं १८५१ च्या सुमारास ही कॉइल सुधारून विकावयास काढली, आणि दीर्घकाळ ती रुमकोर्फ यांच्याच नांवानें ओळखली जात असे. त्यांची कारागिरी मोठी होती, यांत संशय नाहीं. परंतु एकाचें श्रेय दुसऱ्याच्या नांवावर जाणें, हेंही या इतिहासांत आहे.

दुसरे धर्मगुरू इटलींतील. शाळा चालविणाऱ्या पिआरिस्ट संघाचे फादर युजेनिओ बार्सांती यांनीं फेलिचे मात्तेउच्ची या एंजिनिअर मित्राच्या साह्यानें वायूच्या स्फोटावर चालणारें एंजिन योजिलें. १८५३ सालीं त्याची हकिगत त्यांनीं फ्लॉरेन्स येथील एका विद्वत्सभेकडे नोंदवून ठेविली व पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत त्याचें पेटंट घेतलें. या एंजिनांतील मिश्रण विजेच्या ठिणगीनें पेटत असे. फादर कॅलन व फादर बार्सांती हे दोघेही १८६४ सालींच वारले. मोटारगाडी पाहणें दोघांच्याही नशिबीं नव्हतें.

यानंतरची हकिगत पुष्कळांस ठाऊक आहे, म्हणून ती आवरती घेतों. १८६० सालीं लेन्वार यांनीं पॅरिस येथें कॉइलच्या ठिणगीवर चालणारें वायूचें एंजिन विकावयास आणलें. जर्मनींत डायम्लर यांनीं ठिणगीचा नाद सोडून बाहेरून तापविलेल्या लाल नळीनें मिश्रण पेटविलें. कार्ल बेन्झ यांनीं मात्र आपल्या १८८६ च्या तीन चाकी गाडींत बॅटरी व कॉइलच पत्करली. १८८८ च्या ऑगस्टमध्यें त्यांच्या पत्नी बेर्था बेन्झ पतीस न सांगतां दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, म्हणजे सुमारें शंभर किलोमीटर, ती गाडी घेऊन गेल्या. वाटेंत तारेचें वेष्टण झिजून वीज भलतीकडे जाऊं लागली, तेव्हां त्यांनीं मोज्यावरचा पट्टा काढून त्या जागीं गुंडाळला, अशी हकिगत सांगतात. रस्त्यावर ठिणगीचा दोष हुडकून तो तेथल्या तेथें दुरुस्त करणाऱ्यांच्या मालिकेंत त्या बाईंचें नांव अगदीं वर येतें.

बॅटरी लवकर उतरत असल्यामुळें तिच्याविना ठिणगी देणारें मॅग्नेटो हें यंत्र पुढें आलें. स्टुटगार्टच्या बॉश कारखान्यानें तें १८९७ सालीं मोटारगाडीस जोडलें, व १९०२ सालीं त्याच कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड यांनीं मोठ्या दाबाचा मॅग्नेटो व त्यासाठीं प्लग तयार केला. १९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडींत चार लांकडी पेट्यांत चार कॉइली असत, व त्या भुंग्यासारख्या गुणगुणत. अशा गाड्यांस पुढें हँडल मारून सुरू करावें लागे. ठिणगी मागें घेण्याची दांडी ओढावयास कोणी विसरला, तर हँडल उलट फिरून मनगट मोडे. म्हणून आंगठा हँडलभोंवतीं न वळवितां बाकीच्या बोटांच्याच बाजूस ठेवावा, हा जुन्या चालकांचा पहिला धडा असे.

अखेर अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं १९१० च्या कॅडिलॅक गाडीसाठीं बॅटरी, एकच कॉइल व प्रवाह एकदाच स्वच्छपणें तोडणारे पॉइंट अशी रचना बसविली, व १९१२ च्या गाडींत विजेचा स्टार्टरही आणला. त्यांच्या डेटन एंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांपासून ‘डेल्को’ हा शब्द झाला. आमच्याकडील मिस्त्री ठिणगी वांटून देणाऱ्या डबीस ‘डेल्को’ म्हणतात, तो हाच शब्द. ओहायोच्या कंपनीचें नांव इंदापूरच्या रस्त्यावरील मिस्त्रीच्या तोंडीं येतें, तें असें.

आपल्या देशांत जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस गाड्या जुळविण्यास आरंभ केला. परंतु गाडी येथेंच घडवावी ही हिंमत धरणाऱ्यांत शेठ वालचंद हिराचंद हे अग्रगण्य होत. त्यांचा जन्म १८८२ सालीं सोलापूरचा. आणि आमच्याच इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर त्यांच्या नांवानें वसलेलें आहे. उसाचा मळा व साखरेचा कारखाना यांचा व्याप सांभाळीत असतांच त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांतून १९४७ सालीं क्रायसलर कंपनीच्या साह्यानें गाड्या बाहेर पडूं लागल्या. शेठजी १९५३ सालीं वारले; त्यानंतर १९५४ पासून तेथें फियाट ११०० निघूं लागली, आणि तीच गाडी पुढें १९७० नंतरच्या दशकांत प्रीमियर पद्मिनी झाली. ठिणगीचें सामानही देशांतच होऊं लागलें: बंगळूरची मायको कंपनी १९५१ सालची व मद्रासची लुकास-टीव्हीएस १९६१ सालची. लग्नाच्या वरातीपासून डॉक्टरांच्या फेरीपर्यंत आमच्या तालुक्यांनीं ज्या गाड्या पाहिल्या, त्या अशा रीतीनें आल्या.

आतां दुखणें ओळखण्याचा क्रम सांगतों. जुन्या गाडीच्या मालकांस तो अद्याप उपयोगी आहे. पहिला प्रश्न असा, कीं दोष पेट्रोलचा कीं ठिणगीचा? पेट्रोल कमी पडलें, तर गाडी आचके देत, खोकत, हळूहळू मरते. वीज तुटली, तर ती दिवा मालवावा तशी एकदम मरते. यानंतर प्लगची एक वायर काढून, तिचें टोंक एंजिनच्या लोखंडापासून थोड्या अंतरावर धरावें व दुसऱ्यास स्टार्टर मारावयास सांगावें. वायर कोरड्या रबरानें धरावी, आणि जवळपास पेट्रोल सांडलेलें नसावें. निळसर व कडकड आवाज करणारी ठिणगी उडाली, तर कॉइलपर्यंत सर्व ठीक. तांबूस, बारीक ठिणगी म्हणजे वीज अशक्त. ठिणगीच नसेल, तर शोध मागें न्यावा.

शोध प्लगपासून सुरू करून टप्प्याटप्प्यानें बॅटरीकडे जावें. निरोगी प्लगचें तोंड फिकट तपकिरी असतें. काळी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक किंवा ठिणगी दुबळी, आणि तेलकट ओल म्हणजे एंजिनची झीज. मग वायरी व डेल्कोचें टोपण पहावें. पावसाळ्यांत सकाळीं गाडी सुरू होत नाहीं, तेव्हां दहांत आठ वेळां टोपणाच्या आंत दंव धरलेलें असतें. कोरड्या फडक्यानें पुसलें, कीं काम भागतें. टोपणास केंसाएवढी चीर असेल, तर तींतून वीज निसटते, व त्या वाटेवर काजळीची रेघ उमटलेली दिसते. टोपणाखालीं रोटर, व त्याखालीं पॉइंट. पॉइंटांमधील फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् कमी असावी. ती झिजेनें कमी होते, व फट बदलली कीं ठिणगीची वेळही बदलते. पॉइंट जळून काळे पडले असतील, तर नुसते घांसून भागत नाहीं. ते कां जळले हें विचारलें पाहिजे. याचें उत्तर बहुधा बोटाच्या पेराएवढ्या एका डबीकडे जातें. तिला कंडेन्सर म्हणतात. पॉइंट उघडतांना प्रवाह फटींतून उडी मारूं पाहतो. कंडेन्सर त्याला क्षणभर आपल्या पोटांत घेतो. त्यामुळें प्रवाह चटकन तुटतो व पॉइंट जळत नाहींत. कंडेन्सर बिघडला, कीं प्रवाह रेंगाळत तुटतो, पॉइंट भाजतात आणि ठिणगी मरगळते. फादर कॅलन यांचा तो मुद्दा तो हाच. शेवटीं कॉइल व बॅटरीचीं टोंकें. एका वेळीं एकच वस्तु बदलावी. दोन बदलल्या, तर गुण कशानें आला हें कधींच कळत नाहीं.

या क्रमांतील एकही पायरी आम्हीं पाळली नव्हती. आम्हीं आरंभच महाग वस्तु बदलण्यापासून केला, व शेवट माणसावर संशय घेण्यांत केला.

त्या दुपारीं आमच्या चालकांनीं दोघां-तिघांस हांक मारून गाडी ढकलीत एका पत्र्याच्या शेडपर्यंत नेली. तेथील वयस्क मिस्त्री बाहेर आला व आमच्याकडे पाहून म्हणाला, “साहेब, गाडी मरताना आचके देती, का एकदम गप होती?”

आमच्या आधीं चालकच बोलले, “एकदम गप होते.”

“मग पेट्रोलला कशापायी बोल लावता? आन् गार होऊ देऊ नका, तापली हाय तवरच बघू द्या.”

ओला फडका घेऊन पुढें झालेला आमचा हात तेथेंच थांबला. मिस्त्रीनें वायर काढून ठिणगी पाहिली. ती तांबूस व सुतासारखी बारीक होती. डेल्कोचें टोपण उघडलें. पॉइंट काळेनिळे भाजलेले होते. त्यानें एका मोडक्या गाडीचा कंडेन्सर काढून बसविला, पॉइंट साफ करून फट लावली व पुन्हां ठिणगी पाहिली. या वेळीं ती निळी होती, आणि तिचा कडकडाट शेडबाहेरही ऐकूं गेला. त्यानें घेतलेल्या पैशांत चौघांचा चहा झाला असता. गाडी त्याच उन्हांत इंदापूरपर्यंत जाऊन परत आली. वाटेंत कोठेंही थांबली नाहीं.

परततांना सर्व उलगडा झाला. आमचा कंडेन्सर तापला कीं बिघडे व निवला कीं पुन्हां काम देई. ओल्या फडक्यानें पंप गार होई, हें खरें; परंतु गाडी सुरू होई ती फडक्यामुळें नव्हे, आम्ही सावलींत घालविलेल्या अर्ध्या तासामुळें. त्या वेळांत कंडेन्सरही निवत असे. उपाय चुकीचा असून दर वेळीं गुण येत गेला, आणि म्हणून चुकीचें निदान आमच्या मनांत अधिकाधिक पक्कें होत गेलें. गाडीच्या बाबतींत जें झालें, तेंच त्या गृहस्थांच्या बाबतींत झालें. संशय एकदां मनांत बसल्यावर त्यांचें मौन, त्यांची उशिरा मिळालेली पावती, सर्व कांहीं आम्हांस पुरावाच वाटूं लागलें होतें.

आज नव्या गाड्यांत पॉइंट नाहींत, कंडेन्सरही नाहीं. ठिणगीची वेळ आतां संगणकाच्या तुकड्याकडे आहे. मुंबईच्या रस्त्यावरील पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं झाली होती. वीस वर्षांची मर्यादा भरून ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. लोणी देवकर येथें आतां औद्योगिक वसाहत आहे व महामार्ग रुंद झाला आहे. वायरीच्या टोंकाकडे पाहून रोग सांगणारे मिस्त्री विरळ होत चालले आहेत. ज्या घरीं अशी जुनी गाडी असेल, त्यांनीं ती भंगारांत देण्यापूर्वीं एकदां टोपण उघडून पहावें. पुष्कळदां ती मेलेली नसते.

राहतां राहिली ती आमची कबुली. त्या गृहस्थांची क्षमा आम्हीं त्याच सायंकाळीं मागितली, व त्यांनीं ती मोठ्या मनानें दिली. परंतु ती चार भिंतींच्या आंत मागितली होती. आरोप मात्र उघड्या रस्त्यावर, चार लोकांच्या समक्ष केला होता. ज्याचें नांव आपण चौघांत मलिन केलें, त्याचें नांव चौघांतच उजळून द्यावें, असें आम्हांस सेमिनरींत शिकविलें आहे, व आम्हीही तेंच इतरांस शिकवीत आलों आहों. हें देणें इतकीं वर्षें राहून गेलें. ते गृहस्थ आज हयात नाहींत. त्यांच्या कुटुंबाच्या इच्छेवरून त्यांचें नांव येथें छापिलें नाहीं. धर्मग्रामांतील जुन्या मंडळींस तें ठाऊक आहे. त्यांच्या हातून पेट्रोलचा एक थेंबही अप्रामाणिकपणें भरला गेला नाहीं, हें आम्ही या ज्युबिलीच्या अंकांत सर्वांसमक्ष लिहून ठेवितों.